धाकट्याची साक्ष

चर्चमध्ये पहिल्या गीताला आपण उभं राहिलो होतो, एवढं ताईला नंतर आठवत होतं. दुसरं गीत सुरू होईपर्यंत तिचा डोळा लागला होता. आदल्या दिवशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिनं लागोपाठ दोन पाळ्या केल्या होत्या. जोडीदारीण आजारी पडली होती, आणि ओल्या चादरी काही कुणाच्या आजारपणासाठी थांबत नाहीत. शेवटच्या बाकावर भिंतीला खांदा टेकून ती अशी बसायची, की बघणाऱ्याला वाटावं, बाई डोळे मिटून प्रार्थना करतेय. मंडळीत तिच्या भक्तीचं जे काही नाव होतं, त्यातलं निम्मं या झोपेनं कमावलेलं होतं.

त्या रविवारी तिला जाग आली ती एका आवाजानं. पाळकांचा नव्हता तो. वाक्य संपता संपता आवाज खाली बसायचा आणि बोलणारा श्वास आत ओढायचा. तिचे वडील असेच बोलायचे, आणि त्यांना जाऊन तर कितीतरी वर्षं झाली होती. तिनं डोळे उघडले. पुढे पाळकांच्या शेजारी करड्या कोटातला एक जाडसर माणूस उभा होता. केस विरळ झालेले, हनुवटीखाली मांस आलेलं. तिला ओळखायला जरा वेळच लागला. तो तिचा धाकटा भाऊ होता.

धाकटा साक्ष देत होता. प्रभूनं आपल्याला कसं शोधून काढलं ते सांगत होता. आपण पैशामागे कसे धावलो, धंदा कसा वाढला, मग छातीत कळ येऊन इस्पितळात पडलो तेव्हा उशाशी बसायला एकही माणूस कसा नव्हता, हेही त्यानं सांगितलं. शेजारच्या खाटेवरचा एक म्हातारा रोज मोठ्यानं प्रार्थना करायचा. आधी त्याचा राग यायचा, आणि एके दिवशी आपणच त्याला म्हणालो, माझ्यासाठीही करा. पुढच्या बाकांवर रुमाल निघाले.

"मी माझ्या रक्ताच्या माणसांना फसवलं," धाकटा म्हणाला. "माझ्या आईला फसवलं. माझ्या बहिणीला फसवलं. ती आज इथेच बसली आहे. पण प्रभूनं मला क्षमा केली."

सगळ्या माना वळल्या. ताईच्या शेजारची बाई पटकन पाय आवरून उठली, वाट करून दिली. आता एवढी वाट झाल्यावर बसून राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून ताई उठली. चालत पुढे गेली. धाकट्यानं तिला मिठी मारली. त्याच्या कोटाला महागड्या साबणाचा वास होता. तिचे हात बाजूला लोंबत राहिले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, आणि ताईच्या डोक्यात एवढंच होतं, की घरी शेजारीण आजारी आईजवळ उपासना संपेपर्यंतच थांबते म्हणाली आहे, आणि आज उपासना लांबणार.

फसवणूक काय होती, ते मंडळीत फार थोड्यांना ठाऊक होतं. वडिलांचा सुतारकामाचा कारखाना होता. दारं, खिडक्या, चौकटी. खाली रंध्याचा भुसा आणि वर तीन खोल्या, तिथं सगळं घर राहायचं. वडील गेल्यावर धाकट्यानं नवी यंत्रं घ्यायचं काढलं. त्यासाठी कर्ज मिळतंय, तुमच्या दोघींच्या सह्या हव्यात म्हणाला. आईनं स्वयंपाकाचे हात पुसून सही केली, ताईनं तर वाचायचीही तसदी घेतली नाही. आपल्याच भावाचे कागद कोण वाचतं. थोड्या दिवसांनी एक गृहस्थ फीत घेऊन खोल्या मोजायला आला, आणि चहा पिता पिता त्याच्याच तोंडून त्यांना कळलं, की कारखाना धाकट्यानं त्याला विकला आहे. तो बिचारा इतका ओशाळला, की चहा अर्धा टाकून गेला. धाकटा तोवर गाव सोडून गेला होता.

मग भाड्याची एक खोली. मग आईला अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, बोलणंही बरंचसं गेलं. ताईला एका ठिकाणाहून मागणी आली होती. त्यांनी विचारलं, आईचं काय, आणि बोलणं तिथंच संपलं. तेव्हापासून सकाळी आईचं आवरायचं, दुपारी धुलाईखान्यात जायचं आणि परत येऊन पुन्हा आईचं आवरायचं, असं चाललं होतं. ती काही रडतराऊत नव्हती. दमलेली होती, इतकंच. दमणूक हाडांत मुरली, की माणसाला तीच आपली तब्येत वाटायला लागते.

उपासनेनंतर धाकट्यानं तिला मोटारीतून घरी सोडलं. वाटेत तोच बोलत होता. आता मन कसं हलकं झालंय, झोप कशी लागते. मग म्हणाला, मी नुसता तोंडानं पश्चात्ताप केलेला नाही ताई, सगळं चुकतं केलंय. कारखाना विकून जेवढे आले होते, तेवढेच्या तेवढे मी देवाच्या कामाला दिले. चर्चचं नवं सभागृह उभं राहतंय ना, ते त्याच पैशातून. दारावर बाबांचं नाव लागणार.

ताईनं खिडकीबाहेर बघितलं. आपण नीट ऐकलं की नाही, अशी तिला शंका आली. विचारावंसं वाटलं, पण तोंड उघडायचंही जिवावर आलं होतं. खोलीपाशी आल्यावर तो दारात उभा राहिला. आई झोपली होती. औषधांचा आणि आजारी माणसाच्या अंथरुणाचा वास खोलीत भरून होता. धाकट्यानं आत पाऊल टाकलं नाही. झोपू दे तिला, म्हणाला, पुढच्या वेळी निवांत येतो. मोटार वळवायला गल्ली अरुंद होती, त्यामुळे बराच वेळ त्याचं मागेपुढे चाललेलं तिला ऐकू येत होतं.

धुलाईखान्यात चादरी वाळवायला मोठा तापलेला रूळ असतो. एका अंगाला दोघी उभ्या राहून ओल्या चादरीचे कोपरे ताणून आत सोडतात, पलीकडून ती कडक इस्त्री होऊन बाहेर येते. ताईच्या जोडीला मावशी असायची. तब्येत सुधारून ती कामावर परतली, तेव्हा ताईनं तिला सगळं सांगितलं, चादरीमागून चादर सोडत. मावशी काही चर्चला जाणारी नव्हती, कुठल्याच देवाच्या वाटेला ती फारशी जात नसे.

"म्हणजे कारखाना देवाचा होता होय," मावशी म्हणाली. "मला आपलं वाटत होतं, तुमचा होता."

ताईला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आपले दात एकमेकांवर घट्ट आवळलेले आहेत. चादरीचा कोपरा तिच्या हातून निसटला, चादर चुरगळून आत गेली. मावशीनं यंत्र थांबवलं.

राग गेला असं ती समजून चालली होती. खरं तर राग धरायला लागणारी ताकदच तिच्यापाशी उरली नव्हती. आता मंडळीतली माणसं रस्त्यात थांबवून तिचं अभिनंदन करायची. एक बाई म्हणाली, तू किती मोठ्या मनाची. दुसरी म्हणाली, आता मनात काही ठेवू नकोस हं, नाहीतर त्याच्या जिवाचं तारण व्हायचं आणि तुझं राहून जायचं. हे ताईच्या जिव्हारी लागलं. खोलीवर येऊन आईला सूप भरवताना तिला वाटलं, हा बरा न्याय आहे. लुबाडणारा पलीकडे पोचला, आणि जिला लुबाडलं तिलाच आता नदीकाठी उभं करून विचारताहेत, मन साफ आहे का म्हणून.

त्यानंतर दोन वेळा प्रभुभोजन झालं, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे पुढे गेले, दोन्ही वेळा ती बाकावरच बसून राहिली. प्रार्थना म्हणताना आम्ही इतरांना क्षमा करतो ही ओळ आली, की तिची जीभ थांबायची. बाकीची मंडळी पुढे निघून जायची आणि ती शेवटच्या शब्दाला येऊन मिळायची.

पाळकांच्या हे लक्षात आलं. ते एका दुपारी सायकलवरून तिच्या खोलीवर आले. उंच, किडकिडीत माणूस, कोटाची बाही कोपरापाशी विरलेली. दमणूक त्यांचीही होती, पण वेगळ्या जातीची. जुन्या सभागृहाचं छप्पर दोन वेळा खाली आलं होतं, मुलांचे वर्ग ओसरीत भरत होते, आणि दर बैठकीत त्यांना पैशाचंच बोलावं लागत होतं. पाळक झालो तेव्हा वाटलं होतं माणसांशी बोलावं लागेल, असं ते कधीतरी म्हणाले होते.

ते आले तेव्हा ताई आईला कुशीवर वळवत होती. एकटीनं ते अवघड जायचं. पाळकांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि दुसऱ्या बाजूनं हात घातला. आई त्यांच्याकडे बघून काहीतरी पुटपुटली. मग ते बसले आणि म्हणाले, तुमचं काय चाललंय ते विचारायला आलोय, सांगायचं नसेल तर नका सांगू.

ताईनं सांगितलं. सह्यांचं, फीत घेऊन आलेल्या माणसाचं, आणि मोटारीत झालेलं बोलणं. आवाज न चढवता, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं.

पाळकांनी खुर्ची ताईसमोर ओढून घेतली.

"त्यानं मला सांगितलं होतं, बहिणीशी सगळं मिटलंय," ते म्हणाले. "मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि मग ते पैसे घेता आले नसते. छप्पर डोळ्यांपुढे होतं माझ्या."

"तुम्हाला दोष देत नाही मी."

"द्या. माझ्या वाट्याचा आहे तो."

ताईनं आईची उशी सारखी केली. मग जे तिला इतके दिवस कुणालाच विचारता आलं नव्हतं, ते विचारलं. "तारण फुकट असतं, हे तुम्हीच शिकवता. ते मला पटतं. मी काय देणार होते देवाला, माझ्यापाशी आहे काय. पण त्याला ते फुकट मिळालं, आणि ते घेऊन तो माझ्या दारावरून सरळ पुढे गेला. मग नक्की काय मिळालं त्याला?"

पाळकांनी उपदेश केला नाही. करत बसले असते तर कदाचित ताईनं ऐकलंही नसतं. ते म्हणाले, "मिळालं असेल तर ते त्याला परत या दाराशी आणेल. नाही आणलं, तर मला सांगता येणार नाही. माणसाच्या आतलं मला दिसत नाही. पण ते पैसे चर्चचे नव्हेत, एवढं मला आत्ता दिसतंय."

चार दिवसांनी त्यांनी दोघांना चर्चच्या कचेरीत बोलावलं. धाकटा आला तो हसत हसत, नव्या सभागृहाच्या दारासाठी पाटी कशी असावी याचा विचार करूनच आला होता. पाळकांनी आडवळण घेतलं नाही. तुमचं दान आम्ही ठेवू शकत नाही, ते ज्यांचं आहे त्यांना द्यायला हवं, असं त्यांनी सांगितलं. धाकट्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी त्याला गंमत वाटली, मग अपमान.

म्हणाला, देवाला दिलेलं परत घेता येतं का. म्हणाला, तुम्हीच तर सांगता, कर्मांनी तारण होत नाही, मग आता हा हिशेब कसला काढता. माझं ओझं प्रभूनं उचललंय, तुम्ही ते परत माझ्या डोक्यावर ठेवताय. पाळक म्हणाले, तुमच्या तारणाचं मी बोलतच नाहीये, मी तुमच्या बहिणीच्या घराचं बोलतोय. तेव्हा धाकटा ताईकडे वळला.

"भर सभेत माफी मागितली मी तुझी. आणखी काय पाहिजे तुला? किती वेळा मागू?"

ताईला दुपारच्या पाळीला जायचं होतं. तिला तिथं बसणंसुद्धा जड झालं होतं. पण ती उठली नाही.

"माफी तू मागितलीच नाहीस," ती म्हणाली. "मिळाली असं सांगितलंस, तेही लोकांना. तरी ती मी देईन तुला. आज नाही, आज माझ्यात जोर नाही. पण देईन, आणि त्याचं काही घेणार नाही तुझ्याकडून. ती फुकटच द्यायची असते, नाहीतर ती माफी कसली. पैशाचं वेगळं. ते आईचं घर होतं. दोन वर्षं तिच्या पाठीला जखमा होताहेत, कारण मी कामाला गेले की तिला वळवायला कुणी नसतं. मला तुझ्यावर सूड घ्यायचा नाही रे. मला दिवसाची एक बाई ठेवायचीय."

धाकटा कोटाची बटणं लावत उठला आणि निघून गेला. पाळकांनी खिडकी उघडली. बाहेर सभागृहाचे अर्धे खांब उभे होते, त्यांच्या सावलीला मजूर डबे उघडून जेवायला बसले होते.

पुढचं सोपं गेलं नाही. समितीची बैठक झाली. खजिनदार म्हणाले, पाया घालून झालाय, सामान आलंय, आता पैसे कुठून परत करायचे, आणि भावाबहिणीच्या भांडणात चर्चनं का पडावं. पाळक म्हणाले, आपण पडलोच आहोत, त्यांच्याच पैशावर उभे आहोत. वादावादी झाली. शेवटी खर्च न झालेलं जेवढं होतं, तेवढं ताईला द्यायचं ठरलं. निम्म्याहून थोडं कमीच ते. उरलेल्याबद्दल पाळकांनी मंडळीपुढे उभं राहून सांगितलं, की हे पैसे घेताना माझी चूक झाली. धाकट्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. सभागृहाचं काम थांबलं. अर्धवट खांबांवर प्लास्टिकची चादर टाकली, ती वाऱ्यानं फडफडायची. ज्या बाईनं ताईला मोठ्या मनाची म्हटलं होतं, तिनं तिच्याशी बोलणं टाकलं. मुलं ओसरीत बसतात ती हिच्यामुळे, असं दोघीतिघी म्हणाल्या, आणि ताईच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणाल्या.

ताईनं दिवसाची बाई ठेवली. आईच्या पाठीवरच्या जखमा भरून यायला लागल्या. पाळीला जायच्या आधी घटकाभर पाठ टेकायला मिळू लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण जिंकल्याबिंकल्याचं आपल्याला काहीच वाटत नाहीये. नुसती झोप येतेय. एका रविवारी ती प्रभुभोजनाला पुढे गेली. मनात फार काही उजेड पडला होता असं नाही. तिनं धाकट्याचं नाव मनात घेतलं, ते सोडलं, आणि हात पुढे केले. परतताना ते नाव पुन्हा मनात येऊन बसलं होतं. पुढच्या खेपेला पुन्हा सोडावं लागणार, हे तिला कळलं. पाळकांना तिनं हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, माझंही तसंच चालतं.

धाकट्याचं कित्येक महिने नाव नव्हतं. तो दुसऱ्या कुठल्या मंडळीत जातो आणि तिथेही साक्ष देतो, असं कुणीतरी सांगितलं.

मग एका कामाच्या दिवशी, सकाळचं आवरून झाल्यावर, दार वाजलं. दिवसाची बाई त्या दिवशी येणार नव्हती. धाकटा उभा होता. कोट नव्हता अंगात. तो बारीक झाला होता. मोटार विकली, बसनं आलो, म्हणाला. त्यानं खिशातून एक पाकीट काढून दारातूनच जवळच्या टेबलावर ठेवलं. राहिलेल्यातलं थोडं आहे, म्हणाला, बाकीचं होईल तसं देईन. ताईनं पाकीट उघडून बघितलं नाही.

"चर्चला का दिलंस?" तिनं विचारलं. भांडायला नव्हे, खरंच जाणून घ्यायला.

त्यानं दाराची चौकट धरली. "देवाला देणं सोपं होतं," तो म्हणाला. "तो तोंडाकडे बघत नाही. तू बघतेस. आई बघेल."

"आईला आता नीट दिसत नाही. ये आत."

तो आत आला. आईनं त्याच्याकडे बघितलं, बघत राहिली, आणि आपल्या अर्ध्या तोंडानं काहीतरी म्हणाली. त्यानं ताईकडे वळून विचारलं, काय म्हणाली ती. ताईला कळलं होतं. आई त्याला इस्पितळाचा माणूस समजली होती आणि सुई टोचू नका म्हणत होती. ताईला खोटं सांगता आलं असतं. तिनं खरं तेच सांगितलं. धाकट्यानं मान खाली घातली. मग जवळ जाऊन आईला म्हणाला, नाही टोचत, मी सुई आणलेली नाही.

आईला वळवायची वेळ झाली होती. ताईनं त्याला दाखवलं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आपल्या अंगाकडे ओढायचं आणि मग सोडायचं. तो घाबरत होता. पहिल्यांदा आई कण्हली, त्यानं हात काढून घेतले. ताई म्हणाली, मध्येच सोडू नकोस, त्यानं जास्त दुखतं. दुसऱ्यांदा जमलं. त्याच्या कपाळाला घाम आला होता.

"रोज करतेस हे?" त्यानं विचारलं.

"आता अंग पुसायचं. पाणी कोमट घे, आधी स्वतःच्या मनगटावर बघ."

तो कोपऱ्यातल्या मोरीत पाणी घ्यायला गेला. ताई खुर्चीत बसली. ह्याचं तारण झालंय की नाही, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तसाच निघून गेला. ते ठरवणं तिच्या कामात बसत नव्हतं. हा पुन्हा येईल की आज हलकं वाटलं म्हणून महिनाभर गायब होईल, हेही तिला ठाऊक नव्हतं. पाळीला अजून अवकाश होता. तिनं चपला काढल्या, पाय स्टुलावर टाकले. नळाचं पाणी भांड्यात पडत होतं, धाकटा ते हातानं तपासत होता, आणि आईशी हळू आवाजात काहीबाही बोलत होता.

"ताई, कोरडा टॉवेल कुठे असतो?" त्यानं मोरीतून विचारलं.

तिला ऐकू आलं. सांगावंसंही वाटलं. पण डोळे मिटत आले होते, आणि खोली काही फार मोठी नव्हती, टॉवेल त्याचा त्याला सापडला असता.